पातेलं गेलं आत

...आणि वर मलाच विचारतात, की बाई गं, तू नको म्हणालीसच कशाला? अहो, नको म्हणजे काय खरोखर नको असतं का? तुम्हीच सांगा. आत्ता तुम्ही आलात, पायातल्या चपला काढायच्या आधी आईनं आतून 'चहा टाकतो' म्हणून हाक दिली, तर तुम्ही काय म्हणालात? 'नको नको, आत्ताच घेऊन आलो.' म्हणालात की नाही? मग आता कप कुणाच्या हातात आहे? बघा. शालूकाकू, तुम्ही तर दोनदा नको म्हणालात आणि बशीसुद्धा तुमच्याच हातात आहे. तेच म्हणते मी.

मी तशी कमी बोलणारी, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. शाळेत हजेरी घेताना बाई माझं नाव दोनदा घ्यायच्या, पहिल्या वेळचं 'हजर' त्यांना ऐकूच जायचं नाही. पण आज बोलते, कारण सात रविवार झाले, आणि सात रविवार तुम्ही दारावरून जाताना विचारताय, काय प्रीती, अजून हितंच? कधी जायचं जर्मनीला? आणि मी काय सांगू? सांगू, की एकदा विचारलं, मी नको म्हटलं, आणि पातेलं गेलं आत?

थांबा, पहिल्यापासून सांगते. घाई आहे का? बसा.

तुम्हाला सांगते, आपल्याकडं नकोच्या तीन पायऱ्या असतात. पहिलं नको हे वळण. आईबापांनी काही शिकवलंय एवढं समोरच्याला कळावं म्हणून. दुसरं नको पोटात जागा आहे का याचा अंदाज घेताना आपसूक तोंडातून निघतं. आणि तिसरं नको कुणी ऐकतच नाही, कारण तोवर वाढून झालेलं असतं. माझ्या सासूबाई, सोनूबाई, नेसरीच्या. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला बसले, ताटात तांबडा रस्सा, दोन वाट्या झालेल्या, तिसऱ्या वेळी त्या पळी घेऊन आल्या तसा मी वाटीवर हात आडवा धरला. तर त्यांनी हातावर ओतला. गरम. बोटांपासून मनगटापर्यंत. आणि शांतपणे म्हणाल्या, "हात काढ की मग."

आता मला सांगा, या बाईच्या पोटी जन्मलेला मुलगा, या बाईच्या पळीखाली वाढलेला मुलगा, त्याला एका नकोचा अर्थ कळू नये?

प्रसेनजीत म्हणजे आमचे हे. नेसरीत मी त्यांना अहो म्हणते, तिकडं जर्मनीत ब्रेमेनच्या घरात तू म्हणते, आणि इथं तुमच्यासमोर बोलताना काय म्हणावं ते मला सात आठवडे सुचलेलं नाही, म्हणून नाव घेते. आईनं कानावर हात ठेवले तरी चालेल.

तर प्रसेनजीत करतो काय, हा एक प्रश्न लग्नाआधीपासून आमच्या घरात आहे. तो कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. पण विकत नाही. जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि उघड्यावर मांडून ठेवतात, कुणीही न्यावं, वापरावं, आतून उघडून बघावं, बदलावं, पुढं चार जणांना द्यावं. त्याच्या वाट्याला छपाई आहे. म्हणजे कॉम्प्युटरनं प्रिंटरला 'हे कागदावर उमटव' म्हणून सांगायचं, तो जो मधला निरोप्या, तो. ब्रेमेनची एक छोटी कंपनी त्याला याच कामाचा पगार देते. हे मी इचलकरंजीच्या आकाराममामाला समजावून सांगितलं. मामाचा सगळा जन्म मागाच्या शेडमध्ये गेला. तो विचार करून म्हणाला, "म्हंजे कापड बी वाटायचं आणि मागाचा नकाशा बी द्यायचा?" म्हटलं, हो. "आणि न्हेणारा त्यातलं काय चुकलंय ते सुधारून परत आणून देतोय?" म्हटलं, हो. "असा मानूस इचलकरंजीत न्हाय," म्हणाला आणि पानाला चुना लावायला लागला. विषय संपला.

दोन हजार चारच्या डिसेंबरात लग्न झालं आणि जानेवारीत मी ब्रेमेनला. दुपारी चारला दिवे लावायचे. रस्त्यात माणूस दिसला तर आनंद व्हावा अशी थंडी. आणि पहिल्याच आठवड्यात जेवायचं आमंत्रण आलं, उलरिकेकडून. उलरिके म्हणजे प्रसेनजीतच्या ऑफिसातली, वय चाळीस-बेचाळीस, उंच, एकटी राहते. ही मंडळी प्रोग्राम लिहितात, आणि तो कसा वापरायचा हे सामान्य माणसाला कळेल असं ती लिहून काढते. मला वाटलं, चला, समजावून सांगणारी बाई आहे, हिच्याशी आपलं जमेल.

मी काठापदराची साडी नेसून गेले. वरून स्वेटर, त्यावर कोट, म्हणजे साडी फक्त घोट्याजवळ दिसत होती. टेबलावर भाजलेला मासा, उकडलेले बटाटे आणि वर शेपू. हो, शेपू. आपण जुडीच्या जुडी चिरून भाजी करतो तो शेपू तिथं चिमूटभर शोभेला. मी पहिल्यांदा बेतानंच घेतलं, एक बटाटा, बोटभर मासा. संपलं. उलरिकेनं पातेलं उचललं, हसून विचारलं, "आणखी थोडं?" मी पण हसून म्हटलं, "नो, नो, थँक यू." आणि ताट बोटानं जरासं पुढं सरकवलं, म्हणजे तिला वाढायला सोपं जावं.

"ओके," म्हणाली. आणि पातेलं गेलं आत.

मला वाटलं गरम करायला नेलं.

खरं सांगते. मी वाट बघत बसले. प्रसेनजीत काहीतरी प्रिंटरबद्दल बोलतोय, त्याचं ताट भरलेलं, आणि माझं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडं, की आता येईल, वाफ येत असेल, म्हणून वेळ लागतोय. ती आली. हातात कॉफीची किटली. "कॉफी?" आणि माझ्या तोंडातून... तुम्हाला कळलंच असेल. कॉफीही गेली आत.

घरी येताना बर्फातून चालतोय, माझ्या पोटात एक बटाटा. प्रसेनजीतला सांगितलं. तो खूप हसला. म्हणाला, तिथं एकदाच विचारतात. हवं असेल तर हो म्हणायचं. नको म्हटलं की त्यांना ते खरंच वाटतं, आणि परत विचारणं म्हणजे आपल्या बोलण्यावर विश्वास नाही असं होतं. मी म्हटलं, मग हे तू जायच्या आधी का नाही सांगितलंस? तर म्हणतो, "तू विचारलं नाहीस."

आता यावर काय बोलणार? मी नाही बोलले. मी कमी बोलणारी.

पण त्याचं घर म्हणजे... तुम्हाला वाटत असेल परदेशात मजा असते. तिथं संध्याकाळी चूल पेटत नाही. सात वाजता थंड पाव, थंड चीज, काकडीचे काप. प्रसेनजीतला दोन वर्षांत त्याची सवय झालेली. खाऊन झालं की तो आतल्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर. तिथं त्याचे मित्र. एक ब्राझीलमध्ये, एक फिनलंडमध्ये, एक तैवानमध्ये, यातल्या निम्म्यांना त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. सगळे एका खिडकीत टकटक टाइप करत बोलतात. मधेच हा एकटाच मोठ्यानं हसतो. मी स्वयंपाकघरातून विचारते, काय झालं? तर म्हणतो, सांगून मजा येणार नाही. बरं. मी काकडीचे उरलेले काप डब्यात भरते. शेजारच्या खोलीत बारा देशांची माणसं बसलीत आणि माझ्याशी बोलायला काकडी.

माणसं वाईट नव्हती हं. आमच्या लग्नाला त्यांनी आहेरसुद्धा केला. काय केला? त्यांच्या प्रोग्रामची दर काही आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येकीला एक नाव असतं. तर जानेवारीच्या आवृत्तीला त्यांनी नाव दिलं प्रीती. साडी नाही, भांडं नाही, जगभर हजारो लोकांनी मला उतरवून घेतलं. मला जरा भरून आलं, खोटं कशाला बोलू. इथं फोन करून आईला सांगितलं, आईनं तुम्हाला सांगितलं. मग फेब्रुवारीच्या शेवटी नवी आवृत्ती आली. तिचं नाव कसल्याशा माशाचं होतं. आणि सगळ्यांना कळवण्यात आलं की प्रीतीमध्ये काही दोष आढळलेत, तरी सर्वांनी ती काढून टाकावी.

हसा, हसा. मी पण हसले होते. एकटीच. सांगून मजा येणार नव्हती.

मार्चमध्ये त्यांचं संमेलन होतं, ब्रेमेनलाच. त्या खिडकीतली माणसं पहिल्यांदा हाडामासाची होऊन आली. मी म्हटलं, रविवारी सगळ्यांना जेवायला बोलव. उलरिके धरून नऊ जण. मी दोन दिवस आधीपासून लागले. मटण एका तुर्की दुकानातून आणलं, तिथल्या म्हाताऱ्याला हातानं दाखवून तुकडे करून घेतले. आईनं पाठवलेली कांदा-लसणाची चटणी, खसखस, तीळ, नारळाचं दूध डब्यातलं. तांबडा, पांढरा, सुकं मटण, चपात्या. आणि ठरवलं, की बाई, तुझ्यावर जी वेळ आली ती या घरात कुणावर यायची नाही.

नाही आली.

त्यांचा नियम असा, की ताटात पडलं ते टाकायचं नाही. आपला नियम असा, की ताट रिकामं दिसलं की वाढायचं. आता हे दोन नियम समोरासमोर बसवा आणि बघा. फिनलंडचा तो थोराड मुलगा, वाटी रिकामी करायचा, मी भरायचे. नो म्हणायचा, मी हसायचे आणि भरायचे. त्याला दरदरून घाम. हात आडवा धरला त्यानं. मी सोनूबाईंची सून, पण हातावर नाही ओतलं, हात बाजूला केला आणि मग ओतलं. जेवणानंतर तो जिन्यात जाऊन बसला, कोट न घालता. मला आनंद. मी म्हटलं, याला म्हणतात जेवणं.

दुसऱ्या दिवशी उलरिके आली. एकटी. कोट काढला, बसली, हात मांडीवर. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, पण ती मुद्दाम सावकाश बोलली. "मी काल चार वेळा नाही म्हणाले," म्हणाली. "तू ऐकलं नाहीस. मला वाटलं, माझ्या बोलण्याला तुझ्या घरात काही किंमत नाही."

मला रडूच आलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एका दमात बोलले. म्हटलं, आणि मी तुझ्या घरातून उपाशी गेले. मी एकदा नको म्हणाले आणि तू पातेलं आत नेलंस. मला वाटलं, मी जेवले काय, न जेवले काय, तुला काही फरक पडत नाही.

तिनं पर्समधून वही काढली. पेन काढलं. "तू कितव्यांदा हो म्हणतेस?" म्हणाली.

म्हटलं, तिसऱ्यांदा.

लिहून घेतलं तिनं! त्यापुढच्या गुरुवारी मी तिच्याकडं गेले, तर बाई उभी राहिली, किटली हातात, आणि परीक्षेला बसल्यासारखी, दुसऱ्या हाताची बोटं मोजत म्हणाली, "कॉफी? कॉफी? कॉफी?" मधे श्वासही नाही. मी म्हटलं, नको, नको, बरं घेते. तिनं बोटं मिटली आणि ओतली. अहो, इतकी वाईट कॉफी आणि इतकी गोड लागलेली... असो. त्यानंतर दर गुरुवारी.

पण उलरिकेनं लिहून घेतलं ते प्रसेनजीतनं नाही ना घेतलं.

मेमध्ये धाकट्या श्रुतीचं लग्न, म्हणून मी इकडं आले. महिन्याभरासाठी. लग्न झालं, पाहुणे गेले, आणि महिना संपत आला तसा रविवारी त्याचा फोन. प्रिंटरचं झालं, हवेचं झालं. मग म्हणाला, "तिकीट काढू का तुझं?"

आता बघा. मला जायचं होतं. शपथेवर सांगते. इथं आईच्या हातचं खाऊन खाऊन गाल वर आलेले, पण संध्याकाळी सात वाजले की माझे कान त्या टकटकीकडं लागायचे. पण मनात आलं, काढू का म्हणजे काय? ये म्हण की. करमत नाही म्हण. थंड पाव खाऊन कंटाळलो म्हण, खोटं का होईना. म्हणून मी म्हटलं, "नको इतक्यात. राहते अजून थोडी." आणि रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभी राहिले, की आता दुसऱ्यांदा विचारेल.

"बरं," म्हणाला.

गेलं पातेलं आत. यावेळी मला माहीत होतं, गरम करायला नेलेलं नाही.

तेव्हापासून सात रविवार. फोन येतो. बारा मिनिटं बोलतो, मागं टकटक चालूच. तैवानच्या मित्राला मुलगी झाली. छपाईतला एक जुना दोष सापडला. मी विचारते जेवलास का, तो म्हणतो हो. परत तो विषय काढत नाही, आणि मी कसा काढू? मी म्हणू, की अरे, जरा परत विचार? मागून घेतला तर तो आग्रह कसला? आई रोज चपात्या लाटताना विचारते, "व्हय गं, जावई काय म्हंत्यात? बलवत न्हाईत व्हय?" आप्पा म्हणाले, मी बोलतो त्यांच्याशी. मी त्यांच्या पायाच पडले, म्हटलं नका. बापानं सांगितलं म्हणून बोलावलं, तर मी तिथं जाऊन आयुष्यभर काकडी चिरत हाच विचार करत बसेन, की हे बोलावणं त्याचं स्वतःचं होतं की आप्पांचं.

काकू, कप रिकामा झाला तुमचा. घाल गं आई यांना. नको काय? घाल.

तर परवा. दिलदारभाईंच्या इंटरनेट कॅफेत गेले, मेल बघायला. दिलदारभाई मला बघितलं की पंख्याखालचा कॉम्प्युटर देतात, बिचारे. उघडते तर उलरिकेच्या तीन मेल. पहिलीत लिहिलेलं, ये. दुसरीत, ये. तिसरीत, ये. आणि तिसरीच्या खाली चार ओळी. लिहिलं होतं, की मी प्रसेनजीतला विचारलं, प्रीती कधी येणार? तो म्हणाला, तिनं नको सांगितलं. मी विचारलं, तू किती वेळा विचारलंस? म्हणाला, एकदा. मी त्याला वही दाखवली. तो म्हणाला, मला ते माहीत आहे, पण आमच्याकडं बायकांना सगळं आग्रहानंच करायला लावतात, माझी आई नाही म्हणायला शिकलीच नाही, म्हणून प्रीतीनं नाही म्हटलं की ते खरंच 'नाही' धरायचं हे मी लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं. मला तिला मोकळीक द्यायची आहे. एवढं लिहून शेवटची ओळ, की तुझ्या चटणीचा डबा तो ऑफिसात आणतो आणि पावाला लावून खातो, डबा संपत आलाय, तो तळ खरवडतो, आम्हाला आवाज येतो.

पंख्याखाली बसून मी ती मेल किती वेळा वाचली ते नाही सांगत. दिलदारभाईंनी शेवटी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि काही न विचारता गेले.

मोकळीक. चांगलंच आहे की. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. तो त्याच्या प्रोग्रामसारखाच आहे, सगळं उघडं मांडून ठेवलंय, या, घ्या, तुमचंच आहे. फक्त या म्हणून हाताला धरणारं कुणी नाही. आणि मला, खरं सांगू का, मोकळीक पुष्कळ झाली. ब्रेमेनमध्ये दुपारी चारनंतर मोकळीकच मोकळीक असते. कुणीतरी जरा माझ्या हातावर ओता की.

पण उलरिकेनं तीनदा ये म्हटलं होतं. आणि तिसऱ्याला मी हो म्हणते, हे तिच्या वहीत लिहिलेलं आहे. माणसानं आपल्या शब्दाला जागावं. नवऱ्यानं एकदा विचारलं, मैत्रिणीनं तीनदा, मग मी मैत्रिणीचं ऐकलं. काल आप्पांबरोबर जाऊन मंगळवारचं तिकीट काढून आले, आणि आज दुपारी मीच फोन लावला. आपणहून. पहिल्यांदा.

तो बोलत असतो तेव्हा मागं टकटक चालू असते, तुम्हाला सांगितलंच. मी म्हटलं, "मंगळवारी निघते."

टकटक थांबली.

मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "बरं झालं." आणि मग म्हणाला, "मी स्वयंपाकघरातला दिवा सात वाजता लावतोच. तू नसलीस तरी." 

अहो, या माणसाकडून हे म्हणजे... आमच्या श्रुतीचा नवरा तिला दिवसातून चार फोन करतो, त्या सगळ्यात मिळून एवढं नसेल. सात रविवार मी जे ऐकायला थांबले होते ते सगळं त्या दिव्यात होतं, आणि मी मनात म्हटलं, प्रीती, आता शहाण्यासारखी वाग, आता जे विचारेल त्याला पहिल्याच वेळी सरळ हो म्हण.

आणि त्यानं विचारलं. एकदम हळू आवाजात. "विमानतळावर घ्यायला येऊ?"

आणि माझ्या तोंडातून निघालं, "नको, कशाला उगाच... तुझं काम असेल."

मी ओठ चावला. रिसीव्हर कानात रुतवला. एक. दोन.

"बरं," म्हणाला. आणि टकटक सुरू झाली.

मंगळवारी दोन बॅगा आहेत, त्यातल्या एकीत पाच किलो चटणी. गेलं पातेलं आत.